पुरातून वाचवलेल्या कुत्र्यांची सेवा: नागपुरातल्या स्वयंसेवकांचे नेहमीचे प्रश्न

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी ते सीताबर्डीपर्यंत घराघरांत शिरलं. माणसांना बाहेर काढायला एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कराची पथकं उतरली. अशा वेळी गल्लीतलं कुत्रं मात्र सापडेल त्या उंचवट्यावर चढतं आणि तिथेच भिजत, उपाशी थांबतं. कुणी तरी त्याला खाली काढतं. त्यानंतर खरं काम सुरू होतं, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं.

दर पावसाळ्यात आमच्याकडे अनेकजण विचारतात, ‘मला यायचंय, काय करू?’ त्यांच्यासाठी हे पान. तात्पुरत्या निवाऱ्यात येण्याआधी निदान लसीचा आणि चाव्याचा भाग वाचूनच या.

मी कधी कुत्रं पाळलेलं नाही. मी आलो तर चालेल का?

चालेल. निवाऱ्यातलं निम्म्याहून जास्त काम कुत्र्याला हात न लावता करायचं असतं: लादी धुणं, भांडी घासणं, चादरी वाळत घालणं, भात शिजवणं, वहीत नोंदी करणं, दवाखान्यात ने-आण करणं, मालकांचे फोन घेणं. अनुभवी माणूस यात अडकला तर जखमी कुत्र्याजवळ कोण बसणार? वही सांभाळणाऱ्या माणसामुळे किती कुत्री आपापल्या घरी पोचतात हे पाहिलं की त्या कामाचं मोल कळतं.

घरी कुत्रं पाळलेल्यांना एक वेगळी सूचना. आपला ब्रूनो किंवा शेरू लाडाने अंगावर येतो म्हणून पुरातून आलेलं अनोळखी कुत्रंही तसंच वागेल असं धरू नका. आम्हाला नवख्या माणसाची फारशी काळजी वाटत नाही, तो जपून असतो. काळजी वाटते ती ‘मला कुत्री कळतात’ म्हणत थेट पिंजऱ्यात हात घालणाऱ्याची.

मला पाण्यात उतरून कुत्री काढायची आहेत. त्या पथकात घ्याल का?

नाही. वाहत्या पाण्यात उतरणं हे प्रशिक्षित माणसांचं काम आहे. एनडीआरएफची अकादमी आपल्याच शहरात आहे. त्या जवानांना दोर, बोट आणि प्रवाह यांचं किती शिक्षण घ्यावं लागतं हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. गुडघाभर वाहतं पाणीही माणसाला पाडतं. नाल्याची झाकणं वाहून गेलेली असतात, पाण्याखाली खड्डा आहे की रस्ता ते दिसत नाही. त्यात विजेच्या खांबातून किंवा डीपीतून पाण्यात करंट उतरलेला असू शकतो. पाण्यात पडलेली तार किंवा उघडी डीपी दिसली तर तिकडे फिरकू नका, महावितरणला कळवा.

मग करायचं काय? कुत्रं कुठे अडकलंय ते नीट टिपा: चौक, गल्ली, घराची खूण, कितव्या मजल्यावर. लांबून फोटो काढा आणि पथकाला द्या. नुसतं ‘धरमपेठेत एक कुत्रं अडकलंय’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही.

पाणी चढू लागलं आणि घर सोडायची वेळ आली, तर बांधलेलं कुत्रं आधी सोडा. कुत्र्याला पोहता येतं, पण साखळीतून सुटता येत नाही. सोबत नेता आलं तर उत्तमच. नाहीच जमलं तर साखळी काढून, गच्चीचं दार उघडं ठेवून निघा. शेजाऱ्यांनाही हेच सांगा. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात कुत्र्या-मांजरांना मागे सोडवत नाही म्हणून अनेकांनी घर सोडायलाच नकार दिला. त्यानंतर २००६ मध्ये तिथे कायदा झाला आणि माणसांना हलवण्याच्या सरकारी योजनेत पाळीव जनावरांचीही सोय करणं आवश्यक ठरलं. आपल्याकडे ही सोय आपल्यालाच आधी ठरवून ठेवावी लागते.

रेबीजची लस घेतलेली नाही. तरी येऊ का?

स्वयंपाक, नोंदी, वाहतूक, सामानाची छाननी यासाठी जरूर या. कुत्र्यांना हात लागेल असं कोणतंही काम मात्र लसीशिवाय मिळणार नाही, तुम्ही कितीही आग्रह केला तरी. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की त्या आजारातून माणूस जवळपास वाचत नाही. लस घेतलेली असेल, तर तो टाळता येतो.

चावण्याआधी घ्यायच्या लसीचे आपल्याकडे तीन डोस असतात: पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा. म्हणजे पूर आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. मे महिन्यात सुरुवात केली तर मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत तुम्ही तयार असाल. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा. पत्रे, खिळे आणि चिखल यांच्यात काम आहे.

कुत्र्याने चावलं किंवा ओरखडलं तर?

लगेच नळाखाली जा. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंसुद्धा खूप वाटतात. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, मिरची, चुना, तेल यातलं काहीही लावू नका आणि जखम घट्ट बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, ‘उद्या बघू’ नको.

आधी लस घेतलेली नसेल तर दंडात घ्यायच्या लसीचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात. रक्त आलं असेल तर जखमेत सोडायचं इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं आणि ते अनेकदा सांगूनच मिळवावं लागतं. डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आधीच पूर्ण लस घेतलेल्यांना फक्त ० आणि ३ व्या दिवशी असे दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. आगाऊ लसीचा आग्रह आम्ही धरतो त्याचं हेही एक कारण.

चावा कितीही किरकोळ असला तरी आम्हाला सांगा. ‘त्या बिचाऱ्याला शिक्षा होईल’ म्हणून काहीजण लपवतात. आमच्याकडे कुत्र्याला कुणी शिक्षा करत नाही. चावलेल्या कुत्र्याला वेगळं ठेवून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी लागते आणि तुम्ही सांगितलं नाही तर ते राहून जातं.

पुराच्या पाण्यातून आलेल्या कुत्र्याकडून आणखी कोणता आजार होऊ शकतो?

लेप्टोस्पायरोसिस, ज्याला आपल्याकडे लेप्टो म्हणतात. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांतून किंवा तोंडातून शरीरात शिरतात. म्हणून निवाऱ्यात चप्पल चालत नाही, गमबूटच हवेत. पिंजरा धुताना हातमोजे घाला. पाण्याचा जोराचा फवारा मारून लघवी उडवू नका, आधी पुसून घ्या. हाताला जखम असेल तर त्या दिवशी स्वयंपाकाकडे या.

काम सोडल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत जोराचं दुखणं, डोळे लाल होणं किंवा कावीळ असं काही दिसलं तर डॉक्टरांना ‘मी पुरातल्या कुत्र्यांजवळ काम केलंय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. एरवी साधा व्हायरल समजून दोन-तीन दिवस वाया जातात. प्रतिबंधाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. कुणाला द्यायच्या ते डॉक्टर ठरवतात.

खरजेचा त्रासही होतो. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवा, आंघोळ करा.

कुत्रं निवाऱ्यात आलं की सगळ्यात आधी काय करतात?

सगळ्यात आधी त्याला कोरडं करतात. आंघोळ नाही, शॅम्पू नाही. भिजून गारठलेल्या कुत्र्याला पुन्हा पाण्याखाली धरणं जिवावर बेतू शकतं. कुत्र्याचं शरीर आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट. थर्मामीटर ९९ च्या खाली गेला की धोका समजायचा. कोरडे टॉवेल, खाली गोणपाटाचा जाड थर, कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून बाजूला. हीटर किंवा हेअर ड्रायर थेट अंगावर धरू नये, त्वचा भाजते.

हे चालू असतानाच दुसरा स्वयंसेवक नोंद करतो, आणि त्या नोंदीवर सगळं उभं आहे. कुठे सापडलं, हे अगदी घरापर्यंत अचूक लिहायचं. नर की मादी, रंग, अंगावरचे ठिपके, शेपटीचा टोकाकडचा रंग, जुना व्रण, गळ्यातला पट्टा किंवा दोरा. कानाला खाच आहे का? खाच असेल तर नसबंदी झालेली आहे. चेहऱ्याचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो. आणणाऱ्याचा फोन नंबर. मग एक क्रमांक, जो गळ्यात आणि पिंजऱ्यावर दोन्हीकडे लागतो. घाईगर्दीत तपकिरी रंगाचं देशी कुत्रं दुसऱ्या तपकिरी कुत्र्यासारखंच दिसतं. पंधरा दिवसांनी ते नेमकं कोणत्या चौकातलं हे सांगणारी त्या वहीखेरीज दुसरी कोणतीही गोष्ट आपल्याजवळ नसते.

त्यानंतर डॉक्टर पाहतात. हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या, चामडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जाते की तशीच उभी राहते, श्वास कसा चाललाय. पाणी छातीत गेलेलं असेल तर त्रास दुसऱ्या दिवशीही उद्भवू शकतो. म्हणून ‘आता बरं दिसतंय’ म्हणून निर्धास्त होता येत नाही. खोकला, धाप, निळसर जीभ यांवर लक्ष ठेवावं लागतं. बोटांच्या बेचक्या ओल्या राहून कुजतात, त्या रोज कोरड्या कराव्या लागतात. पावसाळ्यात उघड्या जखमेत एक-दोन दिवसांत किडे पडतात. ते दिसले की डॉक्टरांना हाक मारा. फिनेल, पेट्रोल असलं काही ओतू नका. ते कुत्रं आधीच खूप सोसून आलेलं असतं.

नवीन कुत्रं साधारण चौदा दिवस वेगळ्या भागात राहतं. तिथे काम करणारी माणसं, तिथली भांडी, झाडू, बूट सगळं वेगळं. ‘एकटं आहे, करमत नसेल’ म्हणून त्याला इतरांत सोडू नका.

खायला काय द्यायचं? घरचं उरलेलं अन्न आणू का?

तुमचा जीव तुटतो हे आम्हाला समजतं, पण उरलेलं अन्न आणू नका. नागपुरी घरातली भाजी आणि सावजी रस्सा आपल्या जिभेसाठी ठीक. कुत्र्याला त्यातल्या तिखट-तेलाने जुलाब होतात आणि कांदा-लसणाने तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. तर्री-पोह्यांचंही तेच. चॉकलेट, द्राक्षं, मनुका नकोतच. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा म्हणजे पोट भरल्याचा नुसता भास.

आम्ही मऊ भात आणि बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन देतो, हाडं काढून. चिकन नसेल तेव्हा उकडलेलं अंडं. कित्येक दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी ताटभर वाढायचं नाही. खूप दिवस रिकाम्या राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार बिघडतात आणि कुत्रं दगावू शकतं. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि प्रमाण हळूहळू वाढवत नेणं, हाच मार्ग. ते ताटाकडे आशेने बघत राहतं आणि आपल्याला थांबावं लागतं. नव्या स्वयंसेवकाला हा भाग सर्वांत जड जातो.

पाणी नेहमी स्वच्छ आणि भरपूर. ताप आहे असं वाटून क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. माणसाच्या या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत, जठर आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

सफाईला इतकं महत्त्व का देता?

पार्व्होमुळे. या विषाणूने लहान पिल्लांना रक्ताचे जुलाब आणि उलट्या होतात आणि उपचाराविना बहुतेक दगावतात. तो जमिनीवर, भांड्यावर, तुमच्या बुटाच्या तळव्यावर कित्येक महिने जिवंत राहतो. साध्या साबणाने किंवा फिनेलने तो मरेल असा भरवसा धरता येत नाही.

रीत अशी: आधी शेण-माती, विष्ठा पूर्ण काढायची. साबणाच्या पाण्याने घासायचं. धुऊन काढायचं. मग एक भाग द्रव ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण पसरून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो. दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मगच कुत्रं आत. द्रावण रोज नवं करायचं, कालचं चालत नाही. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद शेडमध्ये माणूसही गुदमरतो, कुत्रंही.

क्रम निरोगी ते आजारी असाच. आधी बऱ्या झालेल्यांचे पिंजरे, मग नव्यांचे, शेवटी आजाऱ्यांचे. आजाऱ्यांकडून परत पिल्लांकडे जायचं नाही, चहा आला म्हणून सुद्धा नाही.

घाबरलेल्या, गुरगुरणाऱ्या कुत्र्याजवळ कसं जायचं?

जायचंच नाही. त्याला तुमच्याकडे येऊ द्यायचं.

पिंजऱ्यापासून थोडं दूर, बाजू करून खाली बसा. डोळ्यांत डोळे घालून पाहू नका. हलक्या आवाजात काहीही बोला. पेपर वाचून दाखवलात तरी चालेल, शब्दांशी त्याला देणंघेणं नाही. हातातला खाऊ जवळ टाका, हात पुढे करू नका. काही कुत्री तासाभरात जवळ येतात, काहींना आठवडा लागतो. गुरगुरणं हा त्याचा ‘दूर राहा’ असा सरळ निरोप आहे आणि तो दिल्याबद्दल त्याला रागावू नये. गुरगुरायचं थांबवलेलं कुत्रं पुढच्या वेळी थेट चावतं.

गुरगुरण्याआधीही ते बरंच काही सांगत असतं. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, अंग एकदम ताठ होणं, शेपूट पोटाखाली. हलणारी शेपूट म्हणजे खूश, असं समजू नका. ताठ, उंच शेपूट झटक्याने हलत असेल तर ते तणावात आहे. खाताना, झोपेत आणि पिल्लांना पाजताना कुणालाही हात लावायचा नाही.

आवाजाचाही विचार हवा. २०२३ चा पूर ऐन गणेशोत्सवात आला होता; १९ सप्टेंबरला गणपती बसले आणि २८ ला विसर्जन. आधीच भेदरलेल्या कुत्र्यांच्या कानांवर ढोल-ताशे आणि डीजे. पुढे दिवाळीचे फटाके येतातच. अशा दिवशी पिंजऱ्यांवर जाड चादरी टाकाव्या लागतात, दारं दोनदा तपासावी लागतात आणि जास्त माणसं लागतात. सणाच्या संध्याकाळी दोन तास देणारा माणूस आम्हाला फार हवा असतो.

किती वेळ द्यावा लागेल?

आठवड्यातून एक ठरलेली पाळी, पण न चुकता. पुराच्या दुसऱ्या दिवशी इतकी माणसं येतात की उभं राहायला जागा नसते. पंधरा दिवसांनी पेपरातून बातमी जाते आणि माणसंही जातात. नेमकं तेव्हाच पार्व्हो, लेप्टो, खरूज, नसबंदीची रांग, मालकांचा शोध असं सगळं एकत्र येतं. त्यातच पाऊस उघडून ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं आणि टिनाचं शेड दुपारी भट्टीसारखं तापतं. छपरावर ओली बारदानं टाकणं, दर थोड्या वेळाने पाणी बदलणं, हे तेव्हा कुणी करायचं? तुम्ही आज येण्याऐवजी चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी येणार असाल, तर आम्ही तुमचं नाव सगळ्यात वर लिहू.

माझ्या घरी कुत्रं आहे. त्याला धोका आहे का?

त्याचे सगळे डोस वेळेवर झालेले असतील तर धोका कमी. घरात लस न झालेलं पिल्लू असेल तर मात्र सध्या कुत्र्यांच्या भागात येऊ नका, घरून मालकशोधाचे फोन करा. बाकीच्यांनी निवाऱ्याचे बूट निवाऱ्यातच ठेवायचे.

मुलांना घेऊन येऊ का?

अठरा वर्षांखालच्यांना कुत्र्यांच्या भागात प्रवेश नाही. शाळकरी मुलं घरी बसून ‘सापडलेली कुत्री’ असे फलक लिहू शकतात, जुन्या चादरी कापून देऊ शकतात. मनापासून करतात आणि छान करतात.

एखादं कुत्रं किंवा पिल्लू घरी सांभाळायला नेऊ का?

हो, फॉस्टर घरं, म्हणजे कुत्र्याला तात्पुरतं सांभाळणारी घरं, नेहमी कमी पडतात. विशेषतः शस्त्रक्रिया झालेली, म्हातारी आणि आईविना पिल्लं निवाऱ्याच्या गोंगाटात नीट सावरत नाहीत. पण वेगळं ठेवण्याच्या दिवसांनंतर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. घरातल्या सगळ्यांची संमती हवी, भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी आधी बोला. आई-बाबांना न सांगता आणलेलं पिल्लू चार दिवसांत परत येतं आणि त्या चार दिवसांत ते तुम्हाला आपलं मानू लागलेलं असतं.

फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे. मूळ मालक सापडला तर कुत्रं परत द्यावं लागेल, त्या वेळी कितीही रडू आलं तरी.

मालक कसे शोधता?

वहीवरून आणि पायी. ज्या गल्लीत कुत्रं सापडलं तिथल्या किराणा दुकानात, पानठेल्यावर, दूधवाल्याकडे, पुरात बाधित लोकांची सोय केलेल्या शाळेत फोटो दाखवायचे. व्हॉट्सॲप गटांवर फोटो टाकताना एक खूण मुद्दाम लपवून ठेवतो, म्हणजे दावा करणाऱ्याला ती विचारता येते. जुने फोटो, लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय देत नाही; जातिवंत कुत्र्यांवर खोटे दावेही होतात.

मालक सापडला आणि त्याचं स्वतःचंच घर अजून चिखलात असेल, तर त्याला ‘कधी नेता?’ म्हणून टोचू नका. सगळं गमावलेल्या माणसाला कुत्रं सुरक्षित आहे एवढं कळलं तरी आधार वाटतो. त्याला येऊन भेटू द्या.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना बरं करून परत रस्त्यावरच का सोडता? हे क्रूर नाही का?

हा प्रश्न चांगल्या मनाचीच माणसं विचारतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

गल्लीतल्या कुत्र्याला घर नसतं हे अर्धंच खरं. त्याची एक हद्द असते, तिथली माणसं, ठराविक वेळी भाकरी टाकणारी एखादी आजी, रात्री सोबत बसणारा चौकीदार, झोपायची जागा. दुसऱ्या भागात सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री टिकू देत नाहीत. ते जखमी होतं किंवा घर शोधत रस्ते ओलांडताना गाडीखाली येतं. शिवाय जुन्या गल्लीत रिकामी झालेली जागा लस न झालेली नवी कुत्री भरून काढतात. म्हणजे माणसांचंही भलं होत नाही.

कायदाही हेच सांगतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून आणलं तिथेच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली. रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ ला न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवावीत आणि तिथे परत सोडू नयेत असं सांगितलं. म्हणजे सीताबर्डीच्या गल्लीतलं कुत्रं आणि मोर भवन बसस्थानकाच्या आवारातलं कुत्रं यांचा निर्णय वेगळा होतो. म्हणूनच सोडण्याचा निर्णय कुणी एकट्याने घ्यायचा नाही. महापालिकेशी बोलूनच तो होतो. नोंदवहीत सापडल्याची जागा अचूक का हवी, त्याचं हे आणखी एक कारण.

सोडण्याआधी त्या गल्लीत जाऊन आम्ही लोकांशी बोलतो. ज्यांना कुत्री नकोशी आहेत त्यांच्याशीही, आणि आदराने. एखाद्याच्या मुलाला पूर्वी कुत्रं चावलेलं असतं, त्याची भीती खरी असते. ‘याची नसबंदी झालीय, रेबीजची लस दिलीय, हा बघा क्रमांक’ असं शांतपणे सांगितलं की निदान दगड मारणं थांबतं. सोडल्यानंतर काही दिवस कुणीतरी जाऊन पाहून येणं आवश्यक आहे. हे काम त्याच भागात राहणाऱ्या स्वयंसेवकाचं.

कुणी कुत्र्याला मारताना दिसलं तर?

भांडू नका. पुरावा ठेवा, पोलिसांना ११२ वर कळवा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं हा गुन्हा आहे.

पैसे किंवा वस्तू द्यायच्या आहेत. काय पाठवू?

जुने टॉवेल, चादरी, गोणपाट, स्टीलची पसरट भांडी, द्रव ब्लीच, हातमोजे, वर्तमानपत्रांची रद्दी, तांदूळ, पट्टे आणि दोऱ्या. औषधं विचारल्याशिवाय नकोत. फाटक्या उशा आणि कापसाच्या गाद्याही नकोत, ओल्या झाल्या की वाळत नाहीत. तुमची चारचाकी आणि दोन तास असतील तर ते सगळ्यांत उपयोगाचं. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुत्रं नेण्यासाठी गाडी मिळवताना कित्येकदा संध्याकाळ होते.

फोटो आणि रील काढले तर चालतील का?

दत्तक जाणाऱ्या, सावरलेल्या कुत्र्यांचे जरूर काढा. जखमी, घाबरलेल्या कुत्र्याच्या तोंडाशी मोबाइल नको, फ्लॅश तर नकोच. घर बुडालेल्या मालकाचा रडतानाचा व्हिडिओ त्याला न विचारता काढणं आम्हाला मान्य नाही. निवाऱ्याचा पत्ताही समाजमाध्यमांवर टाकू नका. पत्ता पसरला की रात्री दाराशी खोक्यात घालून पिल्लं सोडली जातात.

मांजर, गाय किंवा साप सापडला तर?

मांजरांची सोय वेगळ्या खोलीत, कुत्र्यांच्या आवाजापासून लांब करावी लागते. आधी फोन करा. गुरांसाठी पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक आहे. पुरानंतर साप घरांत शिरतात. त्यांना मारू नका, हात लावू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. जखमी वन्य प्राण्यांवर आणि पक्ष्यांवर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात.

मी सांभाळलेलं कुत्रं गेलं. आता परत यायची हिंमत होत नाही.

नका येऊ, काही दिवस. कुणीही तुम्हाला विचारणार नाही. ज्याला कुत्र्याच्या जाण्याचं काहीच वाटत नाही त्याच्यापेक्षा ज्याला वाटतं त्याच्याच हातून चांगली सेवा होते, पण तोच लवकर थकतो.

पुरातून आलेली सगळी कुत्री वाचत नाहीत. पोटात पाणी, छातीत पाणी, आधीपासूनचा गोचीड ताप, कित्येक दिवसांची उपासमार. डॉक्टरांनी सगळं करूनही काही जातात. त्या कुत्र्याने शेवटचे दिवस चिखलात नव्हे, कोरड्या चादरीवर, कुणीतरी जवळ बसलेलं असताना काढले, आणि ते तुमच्यामुळे. घरच्यांनी ‘एका कुत्र्यासाठी इतकं काय’ म्हटलं तर आमच्यापैकी कुणालाही फोन करा. इथे असं कुणी म्हणणार नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी मी माझ्या गल्लीत काय करू शकतो?

भरपूर. मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढून ठेवा: रंग, खाच आहे का, कुठे झोपतं, कोण खायला घालतं. लस आणि नसबंदी राहिलेल्यांची यादी महापालिकेला द्या. घरच्या कुत्र्याला रेबीजबरोबर लेप्टोचा समावेश असलेली लस झालीय का ते कार्डावर तपासा. त्याच्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पक्क्या शाईने लिहा. पाऊस वाढला तर ते कुणाच्या घरी वरच्या मजल्यावर जाईल हे शेजाऱ्यांशी आत्ताच ठरवा. नदी-नाल्याकाठी राहणाऱ्यांनी रात्री कुत्र्याला साखळीने बांधणं पावसाळ्यापुरतं तरी बंद करावं. आणि लसीचा तुमचा स्वतःचा पहिला डोस याच आठवड्यात घ्या, म्हणजे पाणी चढेल तेव्हा तिन्ही डोस झालेले असतील.